लेकरांची हगवण कोणाच्या खात्यावर मांडायची?

महागाई भत्ता, बदल्या, क्वार्टरची दुरुस्ती आणि जुनी पेन्शन या विषयांनी ही पाने नेहमी भरलेली असतात आणि ती तशी असावीत यात वाद नाही. या वेळी आम्ही विषय घेतला आहे तो पाच वर्षांखालील मुलांच्या हगवणीचा. काही सभासद म्हणतील, हा विषय बायकांच्या मासिकाचा, युनियनच्या पत्रिकेत तो कशाला? आमचे उत्तर सरळ आहे. हा विषय बायकांच्या मासिकाकडे ढकलला गेला, म्हणूनच त्याचा जाब आजवर कोणी कोणाला विचारलेला नाही. इंजिन फेल झाले की चौकशी बसते. स्पीड पोस्टचे एक पाकीट गहाळ झाले तर पोस्टमनकडे लेखी खुलासा मागतात. पण सहा महिन्यांचे मूल तीन दिवस पातळ शौच करून सुकून गेले, तर चौकशी कोणाची होते? त्याच्या आईची. "हात धुतले होते का?" एवढाच प्रश्न, आणि फाइल बंद.

नागपूर-रायपूर-बिलासपूर मार्गावरच्या आमच्या सभासदांना रायपूरची पंडरी सांगायला नको. विठोबाची पंढरी ही नव्हे. ही कापड मार्केटची पंडरी. शहराचे मोठे बसस्थानक २०२१ पर्यंत इथेच होते, मग ते भाटागावला हलले. रायपूरचे जिल्हा रुग्णालयही पंडरीलाच आहे. उन्हाळा संपता संपता आणि पहिल्या पावसानंतर तिकडे 'उल्टी-दस्त' हा शब्द कानावर पडू लागतो. आपण त्याला हगवण, जुलाब, ढाळ म्हणतो. नाव कोणतेही घ्या, ओसरीवर आईच्या मांडीवर निपचित पडलेले मूल तेच.

या पंडरीच्या रुग्णालयात एक चांगली गोष्ट झाली आहे, ती आधी सांगितली पाहिजे. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेला २०२५ साली राष्ट्रीय गुणवत्तेचे प्रमाणपत्र मिळाले, आणि तिच्या प्रकारच्या प्रयोगशाळांमध्ये असे प्रमाणपत्र मिळवणारी ती देशातली पहिली ठरली. 'सरकारी म्हणजे निकामी' असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. तिथल्या तंत्रज्ञांचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो. पण अभिनंदन करून झाल्यावर एक प्रश्न उरतो. मूल आजारी पडल्यावर त्याचे रक्त आणि शौच तपासायला यंत्र आले, उत्तम. ज्या नळाचे पाणी पिऊन ते आजारी पडले, त्या नळाच्या शेवटच्या टोकाचे पाणी दर आठवड्याला तपासून त्याचा निकाल वस्तीच्या फलकावर लावला जातो, अशा वस्त्या रायपुरात किती? नागपुरात किती? तुमच्या स्वतःच्या रेल्वे कॉलनीत काय?

आपल्या घरांत हगवणीची कारणे ठरलेली असतात. दात येताहेत. नजर लागली. आंबा बाधला. ऋतू पालटला. ही कारणे आपल्या आज्यांनी सांगितली. त्यांच्याजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता, त्यांना दोष नाही. दात येण्याच्या वयात मूल रांगते, सापडेल ते तोंडात घालते आणि वरचे अन्न-पाणी सुरू होते, म्हणून दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात. पण कचेरीत बसलेले शिकलेले लोक जे कारण सांगतात ते याहून वाईट आहे. ते म्हणतात, 'लोकांत जागृती नाही.' मग पोस्टर निघते, त्यावर साबण, हात आणि हसरी आई. २०१४ पासून दरवर्षी सरकार अतिसार नियंत्रण पंधरवडा पाळत आले आणि २०२४ पासून त्याची मोठी मोहीम झाली. त्यात ओ.आर.एस.ची पाकिटे वाटतात, हे चांगलेच आहे. साबणाने हात धुण्यालाही आमचा विरोध नाही. त्याने हगवण साधारण तीस टक्क्यांनी कमी होते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. आम्ही विचारतो ते उरलेल्या सत्तर टक्क्यांबद्दल. आणि ज्या चाळीत पहाटे पाचला पाऊण तास पाणी येते, तिथे बाईने हात कशाने धुवायचे, तेही पोस्टर छापणाऱ्याने सांगावे.

आता जंतूंची नावे घेऊ. नावे घेणे महत्त्वाचे आहे, कारण प्रत्येक जंतूला पत्ता असतो, आणि पत्ता कळला की जबाबदार माणूस शोधता येतो. टपालवाल्यांना हे वेगळे सांगायला नको.

२०१३ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आफ्रिका आणि दक्षिण आशियातली सात ठिकाणे त्यात होती, आपल्याकडचे कोलकाता त्यांपैकी एक. पाच वर्षांखालील वीस हजारांहून अधिक मुलांची तपासणी झाली. हगवण झालेली मुले आणि त्यांच्याच शेजारची धडधाकट मुले अशी तुलना केली, म्हणजे कोणता जंतू खरा गुन्हेगार आणि कोणता नुसता वाटसरू हे कळावे. मध्यम ते तीव्र हगवणीमागे बहुतेक ठिकाणी चार नावे वर आली: रोटाव्हायरस, क्रिप्टोस्पोरिडियम, विष सोडणारा ई. कोलाय आणि शिगेला. ज्या अमीबासाठी आपल्याकडे ऊठसूट मेट्रोनिडाझोल पाजले जाते, तो इतक्या लहान मुलांत फार क्वचित सापडतो. तरीही ते कडू औषध प्रत्येक घराच्या फळीवर असते.

पहिला रोटाव्हायरस. १९७३ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मुलांच्या आतड्यात पाहिला. तो चाकासारखा दिसतो म्हणून त्याचे हे नाव. लॅटिनमध्ये रोटा म्हणजे चाक. (आमच्या वर्कशॉपवाल्यांच्या हे लक्षात राहील.) हा विषाणू गरीब-श्रीमंत पाहत नाही. स्वच्छ पाण्याच्या अमेरिकेतही लस येण्यापूर्वी पाच वर्षांचे होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो गाठत असे. फरक इतकाच की तिथे मूल दवाखान्यात जाऊन बरे होई आणि आपल्याकडे मरत असे. भारतात लसीपूर्वी दरवर्षी सुमारे ७८ हजार मुले रोटाव्हायरसने मरत, असा अंदाज २०१४ साली मांडला गेला. हगवणीसाठी रुग्णालयात भरती होणाऱ्या लहान मुलांपैकी साधारण चाळीस टक्के त्याची असत. पाणी उकळून, हात धुवून त्याला पुरता अडवता येत नाही. त्याचा मुख्य उपाय लस.

ही लस कोठून आली, हे कामगारांनी जाणून घेतले पाहिजे. १९८०च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. महाराज किशन भान यांच्या लक्षात आले की तिथल्या काही नवजात बाळांच्या पोटात रोटाव्हायरस आहे, पण बाळे आजारी नाहीत. त्या सौम्य विषाणूपासून पुढे लस घडली. सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग, परदेशी संस्था आणि एक भारतीय कंपनी यांनी मिळून ती तयार केली आणि एक डोस एक डॉलरच्या आसपास देण्याचे ठरले. परदेशी लसी तेव्हा त्याच्या कित्येक पट महाग होत्या. दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुणे जिल्ह्यातल्या ६,७९९ बाळांवर तिची चाचणी झाली. २०१६ साली चार राज्यांत ती सरकारी लसीकरणात आली आणि २०१९ साली छत्तीसगड, महाराष्ट्रासह साऱ्या देशात पोहोचली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची दुसरी लसही आता वापरात आहे. सरकारी पगारावरच्या डॉक्टरने सरकारी रुग्णालयात पाहिलेल्या एका गोष्टीतून हे उभे राहिले. संशोधनाचा पैसा खर्च करणे म्हणजे उधळपट्टी, असे ज्यांना वाटते त्यांनी हा हिशेब मांडून पाहावा.

तरी लसीवर भिस्त ठेवून स्वस्थ बसता येत नाही. चाचणीत तिने रोटाव्हायरसच्या तीव्र हगवणीपासून अर्ध्याहून थोडे अधिक संरक्षण दिले. युरोपात अशा लसी याहून बऱ्याच जास्त काम करतात. आपल्याकडे पोटात आधीच इतर जंतूंची गर्दी असते आणि कुपोषणही असते, त्यामुळे लसीचा जोर कमी पडतो, असे तज्ज्ञ मानतात. म्हणजे घाण पाणी लसीलाही मारते. शिवाय ती तोंडाने द्यायची असते सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, आणि पहिला डोस वर्षाच्या आत मिळाला पाहिजे. बदली झालेल्या गँगमनच्या घरचे लसीकरण कार्ड पेटीच्या तळाशी जाते आणि दोन डोस राहून जातात. छत्तीसगडातून विटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जाणाऱ्या मजुरांच्या बाळांचे तर विचारूच नका. त्यांचा सहावा आठवडा एका राज्यात, चौदावा दुसऱ्यात.

आता उरलेल्या तिघांकडे वळू. इथे पत्ता बदलतो. शिगेला रक्ताची आव आणतो. १८९७ साली जपानच्या कियोशी शिगा यांनी तो ओळखला. अगदी मोजके जंतू पोटात गेले तरी पुरतात. विष सोडणारा ई. कोलाय भातासारखी पांढरट, पाण्यासारखी हगवण आणतो. कॉलराचा तो धाकटा भाऊच. दोघांचा रस्ता एकच: कोणाची तरी विष्ठा दुसऱ्याच्या पेल्यात जाणे. हे ऐकायला किळसवाणे वाटते, पण सरकारी अहवालात लिहिलेल्या 'दूषित पाणी' या सोवळ्या शब्दाचा खरा अर्थ हाच आहे.

रायपूरला खारून नदीचे पाणी शुद्ध करून देतात. शुद्धीकरण केंद्रातून पाणी निघते तेव्हा ते बहुधा ठीक असते. पण वाटेत जुने नळ गटारांतून, नाल्यांतून जातात. नळ चोवीस तास भरलेला असता तर आतला दाब बाहेरची घाण आत येऊ देत नाही. पाणी तासभर सोडून बंद केले की नळ रिकामा होतो, आत पोकळी होते, आणि गंजलेल्या सांध्यातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. वर एखाद्याने टिल्लू पंप लावला तर ओढ आणखी वाढते. पुढल्या दिवशी पाणी सुटते तेव्हा पहिला घोट त्याचाच. हुबळी-धारवाडला एकाच शहरात काही भागांना चोवीस तास पाणी आणि काही भागांना काही दिवसांआड पाणी अशी व्यवस्था होती. तिथे नमुने तपासले तेव्हा अधूनमधून येणाऱ्या पाण्यात जंतू कितीतरी अधिक सापडले, विशेषतः नळ सुटल्यासुटल्या.

हे रायपूरला कळायला मुलांच्या हगवणीची गरज नव्हती. पंडरीच्या शेजारच्या मोव्यात, नहरपाऱ्यात, २०१८ साली काविळीची साथ आली आणि माणसे दगावली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. २०२०च्या एप्रिलमध्ये, सारा देश कोरोनाने घरात कोंडलेला असताना, रायपूरच्या वस्त्यांत पुन्हा कावीळ पसरली. दोन्ही वेळा बोट गटारातून जाणाऱ्या नळांकडे गेले. काविळीचा विषाणू ज्या भोकातून शिरतो, त्याच भोकातून शिगेलाही शिरतो. मोठ्या माणसाचे डोळे पिवळे झाले की बातमी होते. दीड वर्षाच्या मुलाची हगवण मात्र 'दात येताहेत' म्हणून घरातच जिरते, आणि नळाचे भोक तसेच राहते.

हे रायपुरापुरते आहे असे समजू नका. सलग कित्येक वर्षे देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून मान घेणाऱ्या इंदूरमध्ये, २०२५च्या डिसेंबरअखेर भागीरथपुऱ्यात पिण्याच्या मुख्य नळात सांडपाणी मिसळले. माणसे गेली, त्यांत काही महिन्यांचे बाळही होते. आकडा किती, यावर सरकार आणि रहिवासी भांडत राहिले. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलियन-बॅरे आजाराने माणसे लुळी पडली. राष्ट्रीय विषाणू संस्थेला रुग्णांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले. हे दोन्ही हगवणीचेच जंतू. आणि २०२२च्या जुलैमधले मेळघाट विसरू नका. चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत कॉलरा झाला, लोक मेले. गावात नळयोजना होती. बिल थकले म्हणून तिची वीज तोडलेली होती, आणि लोक उघड्या विहिरीचे पाणी पीत होते. त्या बिलाची रक्कम आणि त्या माणसांची किंमत कोणत्या वहीत शेजारी शेजारी लिहिली जाते, ते आम्हाला बघायचे आहे.

चौथा जंतू क्रिप्टोस्पोरिडियम. हा क्लोरीनला दाद देत नाही. त्याला अडवते ती नीट चालणारी गाळणी, किंवा घरी पाणी उकळणे. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात एका शुद्धीकरण केंद्राची गाळणी बिघडली आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. तिथल्या कोणी मातांना हात धुण्याचे धडे दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. गाळणी दुरुस्त करून पाणी शुद्ध करण्याची नवी सामग्री बसवण्यात आली. श्रीमंताच्या घरी हगवण झाली की यंत्राची चौकशी होते आणि गरिबाच्या घरी झाली की आईची.

उपचाराबद्दल थोडे, कारण इथे आपल्याच खिशातून पैसा जातो आणि कधी कधी जीवही. १९७१ साली बांगलादेशाच्या लढाईत लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून पाण्यात कालवला, पिंपांत भरला आणि नातेवाइकांनाच पेल्याने पाजायला सांगितले. तिथे कॉलऱ्याने शंभरात तीसच्या आसपास माणसे मरत होती, ते प्रमाण चारच्याही खाली आले. त्यामागचे शास्त्र असे की हगवणीत आतड्याची बाकीची दारे बिघडली तरी एक दार चालू राहते: ग्लुकोज आत जाताना मिठाला सोबत घेऊन जातो आणि त्यांच्या मागून पाणी जाते. दोन्हींचे प्रमाण जुळले पाहिजे, एवढीच अट. महालनबिसांना पद्मविभूषण मिळाले ते २०२३ साली, मृत्यूनंतर.

ही गोष्ट पन्नास वर्षांहून जुनी झाली. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) हगवण झालेल्या मुलांपैकी ओ.आर.एस. मिळाले ६०.६ टक्क्यांना आणि झिंक ३०.५ टक्क्यांना. का? कारण पाकिटात कोणाला नफा नाही. सलाईन लावले की बिल होते. अँटिबायोटिक लिहिले की औषध कंपनी खूश, दुकानदार खूश, आणि आईबापांनाही 'काहीतरी केले' असे वाटते. रोटाव्हायरसवर अँटिबायोटिक काडीचेही काम करत नाही. शौचात रक्त असेल किंवा कॉलऱ्याचा संशय असेल तर डॉक्टरांनी ते जरूर द्यावे. शौच थांबवणाऱ्या गोळ्या तर लहान मुलांना देऊच नयेत.

त्याहून मोठी लबाडी दुकानाच्या काचेत होती. वर्षानुवर्षे गोड सरबताच्या डब्यांवर 'ओ.आर.एस.' ही अक्षरे छापून ती औषधाच्या दुकानांतून विकली गेली. त्यांत साखर इतकी की हगवणीत ती आतड्यात पाणी उलट ओढते. २०२२ आणि २०२४ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बारीक अक्षरांतल्या इशाऱ्यासह ही अक्षरे वापरायला मुभा दिली होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्यासाठी आठ वर्षे एकट्या लढल्या. अखेर २०२५च्या ऑक्टोबरमध्ये ती मुभा काढून घेतली गेली आणि कंपन्या लगोलग न्यायालयात धावल्या. एका बाईने जे केले ते कोट्यवधींच्या संघटनांनी का केले नाही, हा प्रश्न आमच्यासकट सर्व युनियनांना लागू आहे.

म्हणून घरी एवढे करा. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र लिहिलेले आहे का, ते पाहा. लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवा. पेलाभर पाण्यात सगळे पाकीट टाकले तर मीठ वाढते आणि ते घातक आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला दर पातळ शौचानंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, आणखी सावकाश. केलेले पाणी चोवीस तासांनंतर फेकून द्या. अंगावरचे दूध बंद करू नका. मोठ्या मुलाला पेज, वरणाचे पाणी, ताक, मऊ भात चालू ठेवा. झिंकची गोळी चौदा दिवस, हगवण थांबली तरीही: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, पिईनासे झाले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसली किंवा शौचात रक्त दिसले, तर वाट पाहू नका, सरळ रुग्णालय गाठा.

आता आपल्या दोन्ही खात्यांकडे येऊ. रेल्वेच्या डब्यांतली विष्ठा शंभराहून अधिक वर्षे रुळांवर पडत होती, आणि तीच खडी आमचे गँगमन हातांनी ओढत होते. त्या हातांनी ते संध्याकाळी लेकराला उचलत. त्यांना किती साबण मिळाला, किती स्नानगृहे मिळाली, ते जुने सभासद सांगतील. आता डब्यांत जैव शौचालये बसली; त्यांतले जिवाणू ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेने शोधले, पुन्हा सरकारीच संस्था. पण ती शौचालये साफ करणारा माणूस ठेकेदाराचा. त्याच्या मुलाला हगवण झाली तर रेल्वे दवाखान्याचे कार्ड त्याच्याकडे नसते. ग्रामीण डाक सेवक चार-चार गावे फिरतो, खात्याचा गणवेश घालतो, आणि नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा मागितला की दार बंद. काही सभासद म्हणतात, आमच्या क्वार्टरला पाणी वेगळे येते, आमचा दवाखाना वेगळा. मित्रहो, अंगणवाडी तीच, खेळायचे मैदान तेच, आणि जंतू पास तपासून चढत नाही.

टपाल खात्याला एक जुनी गोष्ट आठवून द्यावीशी वाटते. १८९२पासून इंग्रज सरकार बंगालमध्ये टपाल कचेऱ्यांतून हिवतापावरच्या क्विनीनच्या पुड्या एका पैशाला विकत असे. परक्या सरकारला, आपल्या मजुरांची हजेरी बुडू नये म्हणून का होईना, कळले होते की औषध जिथे पोहोचत नाही तिथे टपाल पोहोचते. आज देशात दीड लाखाहून अधिक टपाल कार्यालये आहेत आणि त्यांतली बहुतेक खेड्यांत आहेत. प्रत्येक शाखा टपाल कार्यालयात ओ.आर.एस. आणि झिंक फुकट ठेवावे, डाक सेवकाला त्यासाठी वेगळा भत्ता द्यावा, आणि ते काम त्याच्या कामाच्या तासांत धरावे. ही मागणी विभागीय बैठकीत लेखी द्यावी. भत्त्याशिवाय नवे काम अंगावर घेऊ नये, हे वेगळे सांगत नाही.

रेल्वे शाखांनी पुढच्या पी.एन.एम.च्या कार्यसूचीवर कॉलनीच्या पाण्याचा विषय घालावा. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या टोकाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन शिल्लक असले पाहिजे, आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही नसावा. हेल्थ इन्स्पेक्टर क्लोरीनची चाचणी करतो. औषधाचे थेंब टाकले की पाणी पिवळे होते. त्याची वही मागा. बहुधा नमुना टाकीजवळचा असतो. तुम्ही शेवटच्या क्वार्टरचा मागा. विष्ठेची घाण ओळखायला एक स्वस्त बाटलीही मिळते. १९८२ साली ग्वाल्हेरच्याच शास्त्रज्ञांनी ती पद्धत काढली. पाणी भरून एक-दोन दिवस ठेवले आणि ते काळे पडले, तर पाणी पिण्यालायक नाही. अशा बाटल्या शाखेच्या फंडातून घ्याव्यात, ते फार खर्चाचे काम नाही.

नमुना घ्यायचा तो सकाळी पाणी सुटल्याबरोबर, पहिल्या पाच मिनिटांतला, आणि कॉलनीतल्या सर्वांत खालच्या, गटाराला लागून असलेल्या नळाचा. सोबत आय.ओ.डब्ल्यू.चा माणूस बोलवावा. तो आला नाही तर तसे लिहून ठेवावे. चिठ्ठीवर तारीख, वेळ, क्वार्टर नंबर आणि दोघांच्या सह्या घालाव्यात. ठेकेदाराच्या सफाई कामगारांच्या झोपड्यांजवळचा नळ वगळू नये. बाटली काळी पडली तर ती धुऊ नये. तशीच कागदात गुंडाळून डी.आर.एम.च्या टेबलावर, इतिवृत्त लिहिणाऱ्या बाबूसमोर ठेवावी आणि इतिवृत्तात नळाच्या दुरुस्तीची तारीख लिहून घेतल्याशिवाय उठू नये.